हिट उडतो, हात झिणझिणतात, बॉल थांबत नाही: हॉकी स्टिकचा बाक आणि कडकपणा कसा तपासायचा

हॉकी खेळणाऱ्या पोरांची एक तक्रार दर मोसमात ठरलेली असते: "नवी स्टिक घेतली आणि खेळ बिघडला." जुनी लाकडी किंवा साधी फायबरची स्टिक बरी चालत होती. मग कोणीतरी टीव्हीवर पेनल्टी कॉर्नर पाहिला, नव्वद टक्के कार्बनची लो बो स्टिक (जिचा बाक खालच्या टोकाकडे असतो ती) मागवली, आणि आता साधा हिटसुद्धा गुडघ्यापर्यंत उडतो. अशा स्टिकमध्ये बहुतेक वेळा दोष काहीच नसतो. ती वेगळ्या मैदानासाठी आणि वेगळ्या कामासाठी बनवलेली असते, एवढंच. पण तो निष्कर्ष काढायच्या आधी चार फुकटच्या गोष्टी तपासायच्या असतात, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. म्हणून खालचा क्रम आधी फुकट, मग स्वस्त, मग खर्चिक असा ठेवला आहे.

लक्षणं

"स्टिक बेकार आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. नेमकं काय होतं ते आधी सांगता आलं पाहिजे. नेहमी दिसणारे प्रकार असे:

- पुश (स्टिक बॉलला टेकवून ढकलणं) सरळ जातो, पण स्टिक मागे नेऊन जोरात हिट मारला की बॉल उडतो आणि अंपायर धोकादायक खेळाची शिट्टी मारतो.
- येणारा बॉल अडवताना "टक" असा कोरडा आवाज येतो आणि बॉल हातभर पुढे जाऊन पडतो.
- हिटनंतर तळहात आणि मनगट झिणझिणतं. पाच-दहा हिटनंतर पकडच सैल होते.
- ड्रिबल करताना बॉल उजवीकडून डावीकडे येतो, पण रिव्हर्सने (स्टिक उलटी फिरवून) परत ओढताना टोकावरून निसटतो.
- ड्रॅग फ्लिकमध्ये (बॉल स्टिकने ओढत नेऊन फेकायच्या फटक्यात) बॉल दांड्यावरून मध्येच सुटतो. उंची मिळत नाही, वेगही नाही.
- कालपर्यंत बरी चालणारी स्टिक अचानक "मेल्यासारखी" वाटते. जोर लागत नाही, आवाज बसका येतो.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट तड्यांच्या तपासणीकडे जा. बाकीच्यांनी क्रमानेच जावं.

आधी दोन गैरसमज बाजूला काढू. इंटरनेटवर शोधताना "फ्लेक्स ७५", "फ्लेक्स ८५" असे आकडे दिसतात ते आइस हॉकीच्या स्टिकचे. तिथे स्टिक एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, तो आकडा दांड्यावर छापलेला असतो, आणि पात्याचा कर्व्ह डाव्या-उजव्या हाताप्रमाणे वेगळा मिळतो. आपल्या मैदानी हॉकीत यातलं काही नाही. आपल्याकडे फ्लेक्सच्या जागी "कडकपणा" बघायचा आणि पात्याच्या कर्व्हच्या जागी दांड्याचा बाक, म्हणजे बो. दुसरं म्हणजे, डावखुऱ्या मुलासाठी डावी स्टिक शोधत बसू नका. नियमाप्रमाणे स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते. डावखुरी मुलंही त्याच स्टिकने शिकतात, आणि डावा हात वर असल्यामुळे पुष्कळदा चांगली शिकतात.

१. दहा हिट आपल्या स्टिकने, दहा दुसऱ्याच्या

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. संघातल्या ज्याची स्टिक साध्या बाकाची आहे त्याच्याकडून ती मागून घ्या. त्याच जागेवरून, त्याच बॉलने, आधी आपल्या आणि मग त्याच्या स्टिकने दहा-दहा हिट मारा. किती उडाले ते तिसऱ्याला मोजायला सांगा. मारणाऱ्याने स्वतः मोजलं की आकडा नेहमी कमी भरतो.

दोन्ही स्टिकने सारखेच उडत असतील तर दोष स्टिकचा नाही. तेव्हा पायाकडे बघा. हिट मारताना बॉल डाव्या पावलाच्या रेषेत हवा. तो वीतभर पुढे राहिला तर स्टिक खालून वर जायला लागल्यावर बॉलला भेटते आणि बॉल उडणारच. दमल्यावर किंवा चिखलात पाय उचलायचा कंटाळा आल्यावर हेच होतं. पहिल्या हाफमध्ये सगळं ठीक आणि दुसऱ्या हाफमध्ये बॉल उडायला लागला, तर पैसे स्टिकवर घालवू नका.

बॉल अडवण्याचंही तसंच. दहा मीटरवरून जोडीदाराला एकसारखे पुश द्यायला सांगा आणि बॉल स्टिकवरून किती पावलं उसळतो ते दोन्ही स्टिकने बघा. खालचा उजवा हात सैल ठेवूनच ही परीक्षा घ्यायची. मूठ आवळून धरली तर लोण्यासारखी मऊ स्टिकही बॉल परत फेकते.

२. बॉल किराणा दुकानात तोलून घ्या

मॅचच्या बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२४ ते २३५ मिलिमीटर असावा लागतो. सरावाला वापरतात ते जुने बॉल यात बसतीलच असं नाही. शिवण असलेला जुना कॉर्कचा बॉल दोन पावसाळे पाण्यात बुडाला की जड होतो, आणि हाताला बसणारा झटका स्टिकच्या नावावर जातो. उलट स्वस्तातला पोकळ प्लॅस्टिकचा बॉल हलका असतो; तो उडतोही आणि उसळतोही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वजनकाट्यावर एक मिनिटात कळतं. संघाच्या पिशवीतले सगळे बॉल एकदाच तोला, जे बसत नाहीत त्यांच्यावर पेनाने फुली मारा आणि ते फक्त धावण्याच्या सरावाला ठेवा.

३. मैदान

कोकणातली बहुतेक मैदानं जांभ्याच्या लाल मातीची. पावसाळ्यात वरचा थर वाहून जातो आणि दिवाळीनंतर माती आवळली की खालची बारीक खडी उघडी पडते. सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या पठारावरच्या) मैदानात तर कातळच डोकावतो. अशा जमिनीवर बॉल सरपटत नाही, टणटणत येतो. येणारा बॉल आधीच चार बोटं हवेत असेल तर कुठल्याही बाकाची स्टिक त्याला वर ढकलणारच.

तपासायचं असं: बॉल हाताने जमिनीवरून पंधरा मीटर घरंगळू द्या आणि गुडघ्यावर बसून बाजूने बघा. तीनपेक्षा जास्त वेळा हवेत उठला तर मैदान हे तुमच्या तक्रारीचं मोठं कारण आहे. शक्य असेल तिथे आदल्या संध्याकाळी पाणी मारून सकाळी रोलर फिरवणं हा खरा उपाय. निदान डीमधली (गोलसमोरच्या अर्धवर्तुळातली) आणि कॉर्नर घेतात त्या जागेची खडी खराट्याने झाडून काढा.

ही तपासणी वर घेण्याचं कारण आहे. पुढे बाक आणि कडकपणा निवडताना "मी कुठल्या जमिनीवर खेळतो" हाच पहिला प्रश्न येणार आहे. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, बॉल जमिनीला चिकटून येतो, म्हणून तिथे कडक, खाली बाक असलेली स्टिक चालते. जांभ्यावर तीच स्टिक डोकेदुखी होते.

४. लांबी

स्टिक पायाशेजारी सरळ उभी धरा. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी यायला हवं. दोन बोटं इकडेतिकडे चालेल. मोठ्या माणसांच्या स्टिक बहुधा साडेछत्तीस आणि साडेसदतीस इंचांच्या असतात, मुलांच्या त्याहून लहान. आपल्याकडे "वाढत्या अंगाचं आहे, मोठीच घे" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, स्टिकला नाही. लांब स्टिक घेतलेलं पोर सरळ उभं राहून खेळतं, स्टिकचा दांडा मागे कलतो, सपाट बाजू आकाशाकडे बघायला लागते आणि बॉल उडतो. लक्षण बाकाच्या चुकीसारखंच दिसतं, म्हणून आधी लांबी बघायची.

५. ग्रिप

झिणझिण्यांची निम्मी प्रकरणं इथे सुटतात, तीही शंभर-दोनशे रुपयांत. ग्रिप झिजून गुळगुळीत झाली की स्टिक हातात फिरू नये म्हणून मूठ आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीतून धक्का थेट कोपरापर्यंत जातो. आपल्या दमट हवेत हे लवकर होतं. घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने पीयूची (पॉलियुरेथेनची) ग्रिप एका मोसमात काचेसारखी होते. टॉवेलची ग्रिप पाणी पिऊन बसते. पावसात खेळणाऱ्यांनी शॅमॉयची (मऊ चामड्यासारखी) ग्रिप बघावी. ती ओली झाल्यावर जास्त धरते, फक्त लवकर फाटते.

जुनी ग्रिप पूर्ण काढा. तिच्यावरच नवी गुंडाळली तर मूठ जाड होते आणि रिव्हर्स घेताना स्टिक फिरवायला उशीर होतो. खालचा चिकट थर रॉकेल किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वरून सुरुवात करा, प्रत्येक फेरा आधीच्यावर दोन-तीन मिलिमीटर चढवा आणि ग्रिप किंचित ताणत खाली या. ताण सुटला की त्या जागी सुरकुती पडते आणि तिथेच फोड येतो. शेवट टेपने बांधा. कडक स्टिक बदलणं परवडत नसेल तर आत एक पातळ फोमची पट्टी आणि वर ग्रिप, असा जोड झटका बराच कमी करतो.

६. हेडची कड

स्टिक ओट्यावर, खेळताना धरता तशी टेकवून धरा आणि हेडच्या, म्हणजे बॉल मारायच्या वळलेल्या टोकाच्या, खाली प्रकाश कुठून येतो ते बघा. जांभ्याच्या खडीवर हेडची खालची कड आधी झिजते. ती मागच्या बाजूने तिरकी झाली की स्टिक टेकवल्यावर सपाट बाजू थोडी मागे कलते आणि बॉलखाली शिरते. म्हणजे स्टिकने न विकत घेताच स्कूपचा (बॉल उचलून फेकायचा) कोन मिळवला!

झिजायच्या आधी टेप लावणं हाच उपाय. इलेक्ट्रिशियनची साधी टेप चालते. एक थर, फार तर दोन, महिन्यातून एकदा बदला. जाड थर चढवू नका. टेपसकट सगळी स्टिक ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते, आणि स्पर्धेत कडं लावून बघणारे पंच असतात. टेपखाली ओली माती अडकली तर लाकडी स्टिकचं हेड आतून फुगतं, म्हणून पावसात खेळल्यावर टेप काढून स्टिक सावलीत वाळवा. तुतीच्या लाकडाच्या स्टिकला वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात चालतो. कंपोझिटला (कार्बन, काचतंतू वगैरेंच्या स्टिकला) तेल लावण्यात काही अर्थ नाही.

७. आता बाक मोजा

इथपर्यंत येऊनही तक्रार उरली असेल तरच बाकाकडे वळा. हे काम घरात होतं, पण नीट करावं लागतं, कारण डोळ्याला बाक फसवतो. दोन स्टिक शेजारी धरल्या तर सारख्याच दिसतात.

लागतं काय: सपाट टेबल किंवा गुळगुळीत लादी, स्टीलची पट्टी, जाड पुठ्ठा, पेन. पुठ्ठ्यातून एक लांबट त्रिकोण कापा, १५ सेंटीमीटर लांब आणि एका टोकाला ३ सेंटीमीटर उंच. त्याच्या तिरक्या कडेवर उंची दाखवणाऱ्या खुणा करा: १० मिलिमीटर, १५, २०, २५. ही झाली पाचर. उभी पट्टी थेट लावू नका. बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी मोकळी जागा असते आणि मोजमाप तेवढ्याने चुकतं.

हेडच्या तळापासून दांड्यावर २०, २५ आणि ३० सेंटीमीटरवर खुणा करा. स्टिक सपाट बाजू खाली करून लादीवर ठेवा आणि दाबू नका. ती हेडवर आणि मुठीकडच्या टोकावर टेकते, मधे पोकळी दिसते. पाचर आडवी प्रत्येक खुणेपाशी हलकेच आत सरकवा. जिथे अडकेल तिथली खूण म्हणजे त्या जागचा बाक. सगळ्यांत जास्त आकडा कुठे येतो आणि तो किती, या दोन्ही गोष्टी लिहून ठेवा. फक्त "किती" लिहून उपयोग नाही. २४ मिलिमीटरचा बाक दांड्याच्या मध्यावर असेल तर स्टिक एका तऱ्हेने वागते, तोच हेडकडे सरकला तर दुसऱ्याच.

वाचायचं ढोबळमानाने असं. ३० सेंटीमीटरच्या आसपास २० मिलिमीटरपर्यंत बाक असेल तर स्टिक साध्या बाकाची. २५ सेंटीमीटरजवळ बावीस-चोवीस असेल तर मिड बो. २० ते २१ सेंटीमीटरवर चोवीस-पंचवीस असेल तर ती लो बो, ड्रॅग फ्लिकवाल्यांची स्टिक. नियमाची मर्यादा २५ मिलिमीटर आहे, आणि सगळ्यांत खोल जागा हेडच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या खाली येता कामा नये. पाचर २५ च्या खुणेच्या पलीकडे गेली तर ती स्टिक स्पर्धेत नेऊ नका, पंच बाजूला ठेवतील.

आता यावरून उडणारा हिट कसा समजायचा? बाक हेडच्या जवळ आला की हेडची सपाट बाजू मुठीच्या रेषेच्या मानाने किंचित वर बघते. हात नेहमीच्याच जागी ठेवून हिट मारला तर बॉलच्या मध्यावर नाही, थोडं खाली लागतं. पुशमध्ये हे जाणवत नाही, कारण पुशला हात आपोआप पुढे झुकतात. पुश ठीक, हिट उडतो, असं लक्षण असेल आणि मोजणीत लो बो निघाला, तर गुन्हेगार सापडला.

ड्रॅग फ्लिकला मात्र हाच बाक हवा असतो. बॉल दांड्याच्या पोकळीत बसतो, स्टिकबरोबर ओढला जातो आणि शेवटी हेडकडे घसरत सुटतो. दांडा सरळसोट असेल तर बॉल मध्येच सुटणारच. पेनल्टी कॉर्नरवर पहिला शॉट हिट असेल तर तो गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या फळीच्या उंचीपेक्षा वर जाता कामा नये. फ्लिकला ही अट नाही. म्हणून फ्लिकवाल्यांची स्टिक वेगळी बनते. पण एका संघात खरी फ्लिक मारणारा एकच असतो, फार तर दोन. बाकीच्या नऊ-दहा जणांनी त्याचीच स्टिक का घ्यायची?

लो बो घेऊन बसलातच तर विकायच्या आधी एक उपाय करून बघा. हिटच्या क्षणी दोन्ही हात बॉलच्या तीन-चार बोटं पुढे ठेवा, डावं मनगट वाकू देऊ नका, आणि पकड वरून दोन इंच खाली घ्या. दोन आठवडे रोज पन्नास हिट मारा. सवय झाली तर उत्तम. नाही झाली तर संघातल्या फ्लिकवाल्याशी बोला. त्याला तुमची स्टिक हवीच असेल.

८. हेडचा आकार

थोडक्यात सांगायचं तर, रिव्हर्समधून बॉल निसटतो ही तक्रार असेल तर बाकापेक्षा हेड बघा. आखूड हेड पटकन फिरतं पण बॉलला जागा कमी देतं. मिडी, म्हणजे मधल्या लांबीचं हेड, सगळ्यांना चालतं. मॅक्सी आणि हुक अडवायला मोठे, पण फिरवायला जड. मधल्या फळीत आणि फॉरवर्डला मिडी, डिफेंडरला हवं तर मॅक्सी. ज्याला शंका आहे त्याने मिडी घ्यावं आणि विषय संपवावा.

९. कडकपणा

सगळ्यांत जास्त पैसा चुकीच्या जागी जातो तो इथे. कंपोझिट स्टिकवर कार्बनचे टक्के छापलेले असतात, आणि जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली, अशी समजूत पसरली आहे. कार्बन जितका जास्त तितका दांडा कडक, एवढंच खरं. कडक दांडा हिटच्या वेळी कमी वाकतो, म्हणून जोर वाया न जाता बॉलला मिळतो. पण बॉल अडवतानाही तो वाकत नाही, म्हणून बॉल परत फेकतो. आणि बॉल हेडच्या मध्यावर न लागता टोकाजवळ लागला की सगळा हादरा हातात येतो. काचतंतू जास्त असलेली स्टिक थोडी लवते, बॉल धरून ठेवते आणि चुकीला क्षमा करते. केवलारसारखे धागे घातलेल्या स्टिक हादरा काही प्रमाणात पितात.

टक्क्यांवर डोळे झाकून विश्वास नको. एका कंपनीचे सत्तर आणि दुसऱ्या कंपनीचे सत्तर सारखे नसतात. कुठल्या दर्जाचा कार्बन, किती थर, कुठल्या दिशेने, यावर कडकपणा ठरतो. म्हणून पहिल्या तपासणीतली अडवण्याची परीक्षा पुन्हा घ्या. दहा मीटरवरून दहा पुश, हात सैल, प्रत्येक वेळी बॉल किती पावलं उसळला ते लिहा. ओळखीच्या, मऊ म्हणून माहीत असलेल्या स्टिकशी तुलना करा. तुमच्या स्टिकवरून बॉल दुप्पट उसळत असेल तर ती तुमच्या हातांना कडक आहे. स्टिक वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही; वरच्या पातळीचा मिडफिल्डर ती आनंदाने वापरेल.

जांभ्याच्या मैदानावर खेळणाऱ्यांसाठी आमचं मत सरळ आहे. शिकणाऱ्या मुलांना कार्बन शून्य ते तीस टक्के, साधा बाक. तालुका-जिल्हा पातळीवर खेळणाऱ्याला तीस ते साठच्या मधे, साधा किंवा मिड बो. सत्तरच्या वरची स्टिक आठवड्यातून निदान दोन दिवस टर्फवर खेळायला मिळत असेल तरच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं शालेय स्पर्धांच्या विभागीय फेरीला कोल्हापूर विभागात खेळतात. तिथे टर्फ मिळालं तर काय, असा प्रश्न नेहमी येतो. वर्षातल्या दोन मॅचसाठी वर्षभर चुकीच्या स्टिकने सराव करायचा नसतो. मऊ स्टिक टर्फवर थोडा जोर कमी देते, पण ओळखीची असते. कडक स्टिक जांभ्यावर वर्षभर चुका शिकवते.

वजनाबद्दल: नियमाची मर्यादा ७३७ ग्रॅम आहे, पण इतकी जड स्टिक आता कोणी वापरत नाही. बाजारातल्या बहुतेक कंपोझिट स्टिक साडेपाचशेच्या आसपास असतात. दोन स्टिकचं वजन सारखं असूनही एक जड वाटत असेल तर ती बोटावर तोलून बघा. तोल हेडकडे असेल तर हिट दमदार होतो आणि ड्रिबल आळशी.

१०. तडे

"मेलेल्या" स्टिकची तपासणी. शांत खोलीत स्टिक दोन बोटांत सैल लटकवा आणि एका नाण्याने मुठीपासून हेडपर्यंत दर दोन इंचांवर टकटक करत या. चांगल्या स्टिकचा आवाज हळूहळू बदलतो, एकसारखा पुढे सरकतो. एका जागी तो अचानक बसला, फुटक्या मडक्यासारखा, तर आतले थर सुटले आहेत. मग तिथेच नख फिरवा. रंगाखाली केसासारखी रेघ लागली की ओळख पक्की. अशा जागा बहुधा हेडच्या मानेपाशी किंवा दुसऱ्याची स्टिक आदळली त्या कडेवर सापडतात.

एक स्थानिक कारण पुन्हा पुन्हा दिसतं. एप्रिल-मेच्या उन्हात स्टिक टेम्पोच्या हौद्यात किंवा बंद गाडीच्या डिकीत दिवसभर पडून राहते. कंपोझिटमधले तंतू धरून ठेवणारं रेझिन त्या उष्णतेने कमजोर होतं, आणि संध्याकाळी तीच तापलेली स्टिक खडीवर आपटली की थर सुटतात. स्टिक कापडी पिशवीत, सावलीत, आडवी ठेवा. पत्र्याच्या छपराखाली खुंटीला टांगू नका.

कुठे थांबायचं

हेडच्या टोकाचा रंग उडाला, वरवरचा ओरखडा असेल, तर बारीक पॉलिश पेपर, थोडं एपॉक्सी आणि टेप, एवढं घरी करा. दांड्यावर किंवा मानेवर तडा असेल तर घरी चिकटवू नका. एपॉक्सीने वरून धरलेली स्टिक पुढच्या जोरदार हिटला तुटते आणि तुटलेला तुकडा समोरच्याच्या तोंडाकडे जातो. सुटलेले कार्बनचे तंतू हातात घुसतात आणि काचेच्या कुसासारखे निघता निघत नाहीत. अशी स्टिक पंच खेळू देणार नाहीत, आणि देत असले तरी तुम्ही खेळू नका. बिल असेल तर विकणाऱ्याकडे घेऊन जा, काही कंपन्या ठरावीक मुदतीत बदलून देतात. लाकडी स्टिकचे थर उघडले असतील तर दोरा आणि सरस जाणणारा जुना कारागीरच ते करू शकतो, सुतार नव्हे.

बाक उष्णता देऊन सरळ करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कंपोझिटचा बाक साच्यात बनतो. तो नंतर बदलत नाही, स्टिक फक्त बिघडते.

पहिल्या तपासणीत दोष हिटमध्ये निघाला आणि दोन आठवड्यांत सुधारला नाही, तर प्रशिक्षकाकडे जा. बाजूने काढलेला मोबाइलचा व्हिडिओ सोबत न्या. मारताना पाय कुठे होता हे मारणाऱ्याला कधीच कळत नाही.

ग्रिप बदलली, मऊ स्टिक घेतली, तरी मनगट किंवा कोपराबाहेरची बाजू दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, पाण्याचा तांब्या उचलताना कळ येत असेल, बोटं बधिर होत असतील, तर खेळ थांबवा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. मलम चोळून, पट्टा बांधून खेळत राहिलं की दोन आठवड्यांचं दुखणं मोसमभर पुरतं. बॉल बोटावर लागून सूज आली आणि बोट पूर्ण मिटत नसेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

बदलायचीच ठरली तर

दुकानात जाताना पुठ्ठ्याची पाचर आणि पट्टी खिशात ठेवा. दुकानदार हसेल, हसू दे. "लो बो", "प्रो बो", "एक्स्ट्रीम" ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने वापरते. ऑनलाइन घेत असाल तर बाकाची खोली आणि जागा, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहिलेली असतील तीच स्टिक मागवा. फोटोवरून बाक कळत नाही. परत घेण्याची मुदत वाचा आणि स्टिक आल्याबरोबर, प्लॅस्टिक न काढता, लादीवर ठेवून मोजा.

शाळेसाठी एकगठ्ठा घेताना सगळ्या एकाच मापाच्या मागवायचा मोह होतो, कारण दर बरा लागतो. निदान तीन लांब्या मागवा, सगळ्यांना साधा बाक आणि मिडी हेड घ्या, आणि फ्लिक शिकवायची असेल तर एकच लो बो स्टिक संघाची म्हणून वेगळी ठेवा. तिच्यावर लाल टेप लावा, म्हणजे सरावात कोणी हिट मारायला उचलणार नाही.